जावेच्या नावाचा बार

बार काढायची कल्पना आमच्या घरात सगळ्यात आधी माझ्या डोक्यात आली. हे आता कुणी कबूल करणार नाही, म्हणून सुरुवातीलाच लिहून टाकते. पुढे कुणाला काय आठवायचं ते आठवू दे, पण पहिली मी.

बाईच्या डोक्यात बार कुठून शिरतो, असं लोक विचारतात. माझ्या डोक्यात तो माहेरून आला. माझे वडील लोणारला एका लॉजखालच्या बारमध्ये आचारी होते. सरोवर बघायला आलेली माणसं खाली उतरून पुन्हा वर चढेपर्यंत दमून जायची आणि संध्याकाळी तिथे येऊन टेकायची. मी दुपारी वडिलांचा डबा घेऊन जायची, तेव्हा बार रिकामा असायचा. नुकती पुसलेली फरशी, टेबलांवर उलट्या ठेवलेल्या खुर्च्या, आणि फळीवरच्या बाटल्यांमधून आरपार आलेलं पिवळं, लाल ऊन. देवळात गेल्यावर जे वाटतं म्हणतात, ते मला तिथे वाटायचं. वडील स्वतः थेंबालाही शिवत नव्हते. ते म्हणायचे, "गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं का ऑर्डरच्या आंधी त्याच्यासमोर प्लेट गेली पाह्यजे. मंग तो घाई करत नाही, अन् भांडतही नाही." शाळेतलं बरंच विसरले, हे नाही विसरले.

लग्न होऊन मी चिखली तालुक्यात आले, अमडापूरच्या अलीकडच्या एका गावात. सासरी दोघे भाऊ, माझा नवरा थोरला. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. सासूबाई माळकरी, कांदा-लसूणही न खाणाऱ्या, बोलणं मोजकं. घरात भांडण पेटलं की त्या भिंतीला टेकून जप करत बसायच्या, आणि भांडण विझलं की उठून चहा मागायच्या. मग धाकट्या दिराचं लग्न झालं आणि जाऊ आली. गोरी, नाजूक, बीए झालेली. तिच्याबरोबर वॉशिंग मशीन आलं, आणि माझ्या माहेरची पितळी घागर त्या दिवशी माळ्यावर गेली. घागरीला माळ्यावर चढवायला शिडी मीच धरली होती.

आमच्या शेताची एक पट्टी चिखलीच्या रस्त्याला लागून होती. नुसता मुरूम. त्यात सोयाबीन पेरलं तर गुडघ्यालाही लागायचं नाही. घरचे त्या पट्टीला शिव्या द्यायचे, आणि मी तिथे बांधावर उभी राहून बार बघायची. माझ्या बारमध्ये पडदे नव्हते. अंधारही नव्हता. समोरचा माणूस काय खातो ते त्याला दिसावं असा पांढरा उजेड होता. बाहेर पाय धुवायला नळ होता, कारण आमच्याकडचं गिऱ्हाईक शेतातून येतं आणि चिखलाच्या पायांनी खुर्चीत बसायला लाजतं. बाजाराच्या पिशव्या ठेवायला एक फळी होती, म्हणजे भाजी टेबलाखाली तुडवली जायची नाही. आणि गल्ल्यावर मी होते. बाकी सगळ्यात थोडंफार मागेपुढे चाललं असतं, पण गल्ल्यावर मी. मागच्या खोलीत नाही, चुलीपाशी नाही. समोर, दरवाज्यातून शिरल्याबरोबर दिसेल अशी.

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पाहू." माझा नवरा पाऊस, विहीर, पोरांची शाळा आणि मरण या सगळ्याला 'पाहू' म्हणतो. त्यामुळे मी ते हो समजून चालले.

नवऱ्याला सांगून पोट भरेना, म्हणून जावेला सांगितलं. उन्हाळ्यात आम्ही दोघी गच्चीवर कुरड्या घालत होतो. हात चिकात, तोंड मोकळं. मी तिला सगळं सांगितलं. पट्टी, नळ, फळी, पांढरा उजेड. परवाना कुठून काढतात, शाळा आणि देऊळ किती लांब असावं लागतं, गावातल्या मुरमाड जमिनीची किंमत रस्ता रुंद झाल्यावर कुठे जाईल, तेही सांगितलं. ती सोऱ्या फिरवत नुसती "हाव का बाई? हाव का?" करत होती. मला वाटलं, बीए झालेली बाई माझं तोंड बघत बसली आहे. मी आणखी फुगून सांगितलं.

पुढच्या वर्षी घराच्या आणि शेताच्या वाटण्या झाल्या. आमच्याकडची रीत अशी की, थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. म्हणजे थोरला लबाडी करत नाही, कारण वाईट वाटा त्याच्याच गळ्यात येतो. पण लबाडी करायची तर ती उलटीही करता येते, हे मला सुचलं. मी नवऱ्याला शिकवलं. एका वाट्यात विहीर, आंब्याचं झाड, काळी जमीन. दुसऱ्या वाट्यात रस्त्याची पट्टी आणि तिला जोडून चोपण, म्हणजे पाणी न मुरणारी खारवट जमीन. आंधळासुद्धा विहीर उचलेल. वर त्या वर्षी पट्टी नांगरायचीही नाही असं मी सांगितलं, म्हणजे ती आणखी भिकार दिसेल. बाभळी माजल्या तिथे. मला त्या बाभळींकडे बघून गुदगुल्या व्हायच्या.

चार शहाणी माणसं बांधावर जमली, नारळ फुटला. भाऊजींनी, म्हणजे माझ्या दिरानं, विहिरीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. सरळ चालत गेले आणि बाभळीतल्या पट्टीवर पाय ठेवला. "हा माहा." माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, धाकटा मनाचा मोठा आहे, भावाला विहीर सोडली. मी जावेकडे पाहिलं. ती पदराची पिन नीट करत होती. तेव्हा मला कळलं की आमच्या घराचं गाढव कोण आहे.

वर्षाच्या आत त्या पट्टीवर बार उभा राहिला. परवाना जावेच्या नावानं. आमच्याकडे ही पद्धतच आहे. नवरा सोसायटीत असतो, निवडणुकीला उभा राहायचा असतो, त्याला दारूचा धंदा नावावर नको असतो, म्हणून बाईचं नाव. भाऊजींनी आणखी एक पाऊल पुढे टाकलं आणि बारलाही तिचंच नाव दिलं. अंधार पडला की माझ्या ओट्यावरून ते नाव दिसायचं, लाल दिव्यांत, प्रत्येक अक्षर हातभर. माझं नाव तोवर फक्त रेशन कार्डावर आणि गॅसच्या पुस्तकावर आलं होतं. पुढे तर एसटीचे कंडक्टरही आमच्या फाट्याला तिच्या नावानं हाक मारायला लागले. "चला, उतरा," म्हणून तिचं नाव. मी उंद्रीच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जावेच्या नावावर उतरायची. अंगाचा तिळपापड व्हायचा.

मी जळले. इथे दुसरा सभ्य शब्द वापरण्यात अर्थ नाही. सकाळी उठल्यावर जळायची आणि झोपेपर्यंत जळायची. लोक म्हणायचे, तुमच्याकडे विहीर आहे, बारमाही पाणी आहे, केवढं नशीब. पाणी आमच्याकडे आणि गिऱ्हाईक तिच्याकडे.

मग त्यांचा आचारी पोळ्याला गावी गेला आणि परत आलाच नाही. भाऊजी माझ्याकडे आले. "वहिनी, तुमच्या हातचा चकणा लोकायले आवडंन. दुपारून येजा, मांगच्या दारानं. दिवस मावळाच्या आंधी मोकळ्या." मी हो म्हटलं. जाऊ विचारात पडली असेल की ही कशी तयार झाली. पण जळणाऱ्या माणसाला लांब राहवत नाही. जे दुखतं त्यालाच हात लावून बघायची खोड असते.

मागच्या दारानं मी माझ्या बारमध्ये पहिल्यांदा शिरले, आणि सगळं चुकीचं होतं. निळे मिणमिणते दिवे. प्रत्येक टेबलाला मळकट पडदा. पाय धुवायला नळ नाही, त्यामुळे फरशीवर वाळलेला चिखल. शेंगदाणे मऊ पडलेले. गिऱ्हाईक तीनदा हाका मारायचं तेव्हा पाणी यायचं. गल्ल्यामागे काचेच्या चौकटीत परवाना आणि त्याच्या शेजारी जावेचा फोटो, लग्नातल्या शालूतला. जिचा फोटो होता ती तिथली पायरीही चढलेली नव्हती. घरच्या सुनेनं बारमध्ये जायचं नाही, हा भाऊजींचाच नियम. मी तरी काय, स्वयंपाकघर आणि हॉलच्या मधे जी हातभर खिडकी होती, तिच्यातूनच मला जग दिसायचं. प्लेट तिथून बाहेर जायची, मी नाही.

भांड्यांवरही तिचं नाव कोरलेलं. ग्लास, जग, ताटल्या, चकण्याच्या वाट्या, सगळ्यांच्या काठावर. मी शेंगदाणे भाजून कांदा, कोथिंबीर, लिंबू घालून वाटी भरायची, आणि वाटी पुसताना अंगठ्याखाली तिचं नाव लागायचं. कधी मी मुद्दाम त्या बाजूला चटणी सांडायची.

पण माझ्या हाताला यश आलं. शेंगदाण्याच्या पाठोपाठ मी ठेच्यातली अंडी सुरू केली, मग सुकं चिकन. ऑर्डरच्या आधी प्लेट पाठवायला सांगितली. लोक अमडापूरहून गाड्या काढून यायला लागले. आणि चांगलं झालं की नाव कुणाचं व्हायचं? दिव्यांत होतं तिचं. करते मी आणि मिरवते ती. एवढ्या चुका करूनही तो बार चालत होता, आणि ज्या गोष्टीनं चालत होता ती खिडकीच्या आत घामाघूम उभी होती.

तरी मी आशा सोडली नव्हती. आमच्या वाट्याच्या दुसऱ्या टोकाला उंद्रीकडे जाणारी गाडवाट आहे. ती डांबरी होणार अशी बोलवा होती. तो रस्ता झाला की विहिरीपलीकडे माझा बार, माझ्या नावाचा परवाना. मनातल्या मनात मी जावेची गिऱ्हाइकं एकेक करून तिकडे नेऊन बसवत होते. चकणा तर माझ्याच हातात होता.

अशात गावातल्या बचत गटाच्या बाया उठल्या. त्यांचं म्हणणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. दोन-तीन घरांत रोज मार बसत होता. बायांनी सह्या गोळा केल्या, तालुक्याला गेल्या आणि बायांचं मतदान मंजूर करून आणलं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दारू चालू ठेवायची तर उभीवर शिक्का, बंद करायची तर आडवीवर. आणि नियम असा की, गावात बाया-मतदार जितक्या असतील त्यांच्या अर्ध्याहून जास्त मतं आडवीवर पडली पाहिजेत. म्हणजे जी घरी बसली ती आपोआप उभीकडची.

मी पेचात सापडले. आडवीवर शिक्का मारला तर जावेचे लाल दिवे विझतील, फोटो उतरेल, कंडक्टर पुन्हा जुन्या नावानं फाटा ओरडतील. या विचारानंच छातीत थंड वाटायचं. पण एकदा बाटली आडवी झाली की गावात दुसरा परवाना कुणाला मिळणार? तिचा बार पाडला की माझाही, न बांधताच पडला. जिच्यावर इतकी वर्षं जळले, तिचा बार मला उभा ठेवायचा होता. असली अवदसा शत्रूवरही येऊ नये.

मतदानाच्या आदल्या दुपारी जाऊ घरी आली. मला वाटलं, आली हातापाया पडायला. मी चहा ठेवला आणि थांबले. ती पाटावर बसली आणि म्हणाली, "बाई, उद्या कायच्यावर मारता?"

"तुह्या बाटलीले उभं ठेवतो, काळजी करू नको," मी म्हटलं. शक्य तेवढं कुजकट.

"नका ठेवू. आडवीवर मारा. मी बी आडवीवर मारनार हाय."

मी चहाची गाळणी खाली ठेवली. "काऊन व? तुह्या नावाचा बार हाय."

"म्हनूनच. माह्या बापाले बाजारात एक जन म्हने, काल तुमच्या पोरीपाशी बसून आलो. चार लोकं हासले. माहा बाप त्या दिवशी जेवला नाही." तिनं चहाकडे पाहिलंही नाही. "अन् मी आतून कसा हाय तेही पाह्यलं नाही. तुम्ही रोज जाता. हे घरी आले का तुमच्याच हातची तारीफ. वहिनीनं हे केलं, वहिनीनं ते सुचवलं. बार माह्या नावाचा, अन् मसाल्याचा वास तुमच्या पदराले. तो वास आला का माह्या पोटात आग पडते, बाई. खोटं नाही सांगत."

मला बरं वाटलं. सांगायला लाज वाटावी इतकं बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटी जळते आहे असं समजत होते, आणि ही भिंतीपलीकडे माझ्यावर जळत होती, त्या चूलखोलीवर, घामावर आणि कांद्यावर. तिला सांगावं वाटलं की, बाई, तू मला विहीर दे म्हटलं असतंस तर मी पट्टीच्या बदल्यात दिली असती, आंब्यासकट. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"मी आडवीवर मारनार नाही. मले माहा बार काढाचा हाय."

"अजून?"

"अजून."

ती उठली. दारात वळून म्हणाली, "तुम्ही येड्या हा बाई." तिचा चहा मी नंतर प्यायले.

मतदान शाळेत झालं. मी उभीवर शिक्का मारला, ठळक, कडेला न लागू देता. पण माझ्या शिक्क्यानं काही ठरलं नाही. सोयाबीन सोंगणीला आलं होतं, आणि रोजानं जाणाऱ्या बाया पहाटेच शेतात गेल्या होत्या. ज्या आल्या त्यांनी ढिगानं आडवी पाडली, पण गावातल्या निम्म्या बायांचा आकडा भरेना. बाटली उभी राहिली. भाऊजींनी फटाके वाजवले. जाऊ त्या दिवशी दाराची कडी लावून आत बसली. मला वाटलं, संपलं हिचं.

संपलं नव्हतं. परवाना दर वर्षी नवा करून घ्यावा लागतो आणि त्यावर मालकिणीची सही लागते. भाऊजी कागद घेऊन तिच्यासमोर बसले, तशी ती म्हणाली, "नाही करत." बस, एवढंच. भाऊजी ओरडले, मग समजावणीवर आले, मग तिच्या भावाला बोलावून आणलं. ती स्वयंपाक करायची, धुणं धुवायची, डबे भरायची, आणि कागद पुढे आला की हात पदराखाली घ्यायची. सासूबाई भिंतीला टेकून माळ ओढत होत्या. नाजूक म्हणून जिला मी हिणवलं तिचं हे रूप बघून मला तिच्या हट्टाचाही हेवा वाटला. सगळंच हिच्याकडे कसं असतं?

मग एका सकाळी भाऊजी माझ्या ओट्यावर आले. चहा घेतला, पावसाचं बोलले, विहिरीचं बोलले, आणि म्हणाले, "वहिनी, परवाना तुमच्या नावानं करू. बारले नाव बी तुमचंच देऊ. एक फोटो तेवढा लागंन."

काय सांगू. माझ्या डोळ्यांसमोर माझ्या नावाचं एकेक अक्षर लाल होऊन पेटलं. कंडक्टर ओरडला. ताटल्यांच्या काठांवर माझं नाव कोरलं गेलं. माझं तोंड हो म्हणायला उघडलंही होतं. मग मला ती खिडकी आठवली, आणि मी म्हटलं, "नाव देतो. पन गल्ल्यावर मी बसनार."

भाऊजी आधी हसले. मी हसत नाही असं पाहिल्यावर गंभीर झाले. "वहिनी, माहा मोठा भाऊ हाय गावात. त्याची बायको बारच्या गल्ल्यावर? लोकं माह्या तोंडात शेन घालतीन."

"मंग सही नाही."

"विचार करा."

"तुम्ही करा."

नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "पाहू."

भाऊजी गेले, आणि मला खात्री होती की परत येणार. दुसरीकडे जातील कुठे? जावेनं हात पदराखाली घेतलेला, माझ्या हाताची त्यांना गरज. या वेळी मी आब राखून बोलले होते, वडिलांना सांगितलं असतं तर त्यांची मान ताठ झाली असती. मी फोटोसाठी साडीही काढून ठेवली, हिरवी, बारीक काठाची. गल्ल्यावर कोणती बरी दिसेल तेही ठरवलं. त्या आठवड्यात चकणा करताना मी खिडकीतून गल्ल्याची खुर्ची न्याहाळायची. तिची एक बाजू खचली होती. ती आधी दुरुस्त करून घेऊ, असं मनाशी म्हटलं.

भाऊजी आले नाहीत. त्यांनी आईला नेलं.

सासूबाई! गळ्यात माळ, एकादशीला पाणीही चमच्यानं पिणाऱ्या. त्यांचा डोक्यावर पदर घेतलेला फोटो चौकटीत लागला, परवान्यावर त्यांची थरथरती सही आली, आणि बाहेर नव्या पाटीवर त्यांचं नाव. भाऊजींनी हिशेब नीट केला होता. म्हातारी बाई, देवाधर्माची, घराबाहेर फक्त देवळात जाणारी. हिच्यापासून कसला त्रास? त्या दिवशी जाऊ माझ्याकडे आली, आणि आम्ही दोघी कितीतरी वर्षांनी एका पाटावर बसून, तोंडाला पदर लावून हसलो. हसता हसता मला वाईट वाटायला लागलं, आणि बहुतेक तिलाही. तिनं निदान आपण होऊन सोडलं होतं.

पाटी लागल्यानंतरची दुपार. मी आत शेंगदाणे भाजत होते. हॉलमध्ये दोन-तीन टेबलं भरलेली. काठीचा टक टक आवाज आला. मी खिडकीतून पाहिलं. सासूबाई पुढच्या दारानं आत येत होत्या. एक जण उभा राहिला, दुसऱ्यानं ग्लास टेबलाखाली लपवला. भाऊजी गल्ल्यावरून उठून धावले.

"आई, तू इथी कशाले आली?"

"माह्या नावाचं हाय ना? पाहाले आली."

"घरी चाल. लोकं पाहून राह्यले."

"पाहू दे. मी काय पेतो?" त्यांनी भाऊजींना काठीनं हळूच बाजूला केलं, गल्ल्याला वळसा घातला आणि त्या खचलेल्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला. मग हॉलकडे बघून म्हणाल्या, "बसा बापा, काऊन उठले? खा-प्या अन् सुदं घरी जा. बाईले मारलं अशी खबर माह्या कानावर आली तर पुन्हा आत घेनार नाही." उभा राहिलेला माणूस मुकाट खाली बसला. भाऊजी एकदा आईकडे आणि एकदा दाराकडे बघत राहिले. आईला खुर्चीवरून उचलायचं कुणी? जन्मदात्या आईचा हात धरून तिला बाहेर काढलं तर लोक तोंडात शेण घालतील, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

थोड्या वेळानं सासूबाईंनी खिडकीकडे मान वळवली. "आत कोन हाय? पानी दे व."

मी पाणी दिलं. त्यांनी ते वरून, ओठ न लावता प्यायलं आणि ग्लास परत देताना माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला काही विचारलं असेल तर मीठ आणि साखर.

"तुले इथी बसाचं होतं म्हने."

मी ग्लास बाजूला ठेवून झारा हातात घेतला.

"मंग अट काऊन घातली? सही कराची, फोटो द्याचा, अन् येऊन बसाचं. मंग कोन उठवते?"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला, कढईत शेंगदाणे करपायला लागले. मी आयुष्यात जावेवर जळले, तिच्या मशीनवर, नावावर, दिव्यांवर जळले, पण त्या म्हातारीवर त्या घटकेला जितकी जळले तितकी कुणावरही नाही. आणि तिच्यावर रागावताही येईना, कारण तिनं माझं काही घेतलं नव्हतं. दार उघडंच होतं, आणि मी ते उघडायची परवानगी मागत बसले होते.

"करपलं पाह्य," सासूबाई म्हणाल्या.

मी कढई उतरवली. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी आणखी एक प्लेट मागितली. सासूबाईंनी गल्ल्यावरून मला हाक मारली, आणि मी वाटी भरून खिडकीतून पुढे सरकवली.